द्वार, मुख, छिद्र : शरीराच्या व वनस्पतींच्या विवरांविषयीच्या परिभाषेची चिकित्सा

वनस्पतिशास्त्रज्ञ पानाच्या त्वचेतील सूक्ष्म विवराला जे नाव देतो, तेच नाव शल्यचिकित्सक रुग्णाच्या पोटावर केलेल्या विवराला देतो. हे नाव ‘स्टोमा’. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ तोंड. दोन्ही शास्त्रांना आपण एकच शब्द वापरतो आहोत याची फारशी जाणीव असते असे दिसत नाही; शब्द मृत भाषेतला असला म्हणजे अशी विस्मृती सुखाची होते. मराठीत मात्र हे एक नाव दुभंगले. पानाच्या बाबतीत ‘रंध्र’ शब्द रूढ झाला : शालेय पाठ्यपुस्तकांत ‘पर्णरंध्र’ आणि मराठी विश्वकोशात ‘त्वग्रंध्र’. शल्यकर्माच्या बाबतीत भाषांतरकाराचा हात बहुधा ‘छिद्र’ ह्या शब्दाकडे वळतो. आणि ज्याच्या शरीराचा प्रश्न आहे तो खाटेवरील मनुष्य हे सारे बाजूला ठेवून ‘पोटावरची पिशवी’ एवढेच म्हणतो.

परिभाषेची चर्चा आपल्याकडे प्रायः संस्कृत शब्द घ्यावा, देशी घ्यावा की इंग्रजी तसाच ठेवावा, ह्या एकाच रिंगणात फिरत आली आहे. त्या वादात येथे शिरावयाचे नाही. प्रस्तुत प्रश्न निराळा आहे. विवरवाचक शब्दांची जी कुळे आपल्या वाङ्मयात पूर्वापार आहेत, त्यांच्यात अर्थाचा भेद आहे काय. असल्यास तो कोणत्या तत्त्वावर आहे. आणि आजच्या परिभाषेने तो राखला की पुसला, एवढेच पाहावयाचे आहे.

‘छिद्र’ आणि ‘रंध्र’ ह्या शब्दांची संगत अभ्यासकांस परिचित आहे. दुसऱ्याचे दोष हुडकणारा तो छिद्रान्वेषी. कूर्म जसा आपली अंगे आत ओढून घेतो तसे राजाने आपले छिद्र झाकावे आणि शत्रूचे हेरावे, हा उपदेश मनुस्मृतीत आहे आणि कौटिलीय अर्थशास्त्रातही आहे. फलज्योतिषात कुंडलीतील आठवे स्थान, म्हणजे मृत्युस्थान, ‘रंध्र’ ह्या नावाने ओळखले जाते. सारांश, जेथे भिंत अखंड असावयास हवी होती तेथे ती फुटली आहे, असा ह्या शब्दांचा ध्वनी आहे. अपवाद आहेत आणि ते थोर आहेत. बासरीची रंध्रे हा दोष नव्हे, बासरीचे ते सर्वस्व होय. आणि योगमार्गात ‘ब्रह्मरंध्र’ हे देहातील सर्वोच्च स्थान. पण हे अपवाद नियमाच्या पार्श्वभूमीवरच उठून दिसतात.

‘द्वार’ शब्दाचे कुळ वेगळे. अथर्ववेदाच्या दहाव्या कांडात देहाला आठ चक्रांची व नऊ द्वारांची देवनगरी म्हटले आहे. गीतेच्या पाचव्या अध्यायात देही नऊ द्वारांच्या पुरात राहतो. कठोपनिषदात त्या पुराला अकरा द्वारे आहेत, आणि भाष्यकारांनी मस्तकातील सात व खालची दोन यांत नाभी व ब्रह्मरंध्र मिळवून ती संख्या पुरी केली आहे. ज्ञानेश्वरीच्या द्वारे हे रूपक मराठीत आले आणि मुरले. ह्या रूपकाचे मर्म विवरात नसून नगरात आहे. नगराला द्वार असते ते मुद्दाम ठेवलेले असते. त्याला कवाड असते, रक्षक असतो, उघडण्यामिटण्याची वेळ असते. छिद्रातून वस्तू गळते. द्वारातून ती जाते-येते.

उपनिषदांतील दोन स्थळे ह्या संदर्भात फार महत्त्वाची वाटतात. ऐतरेयोपनिषदाच्या आरंभी पुरुषाची इंद्रिये अंडे उलावे तशी एकामागून एक फुटून उघडतात. प्रथम मुख, मग नासिका, नेत्र, कर्ण. ही विवरे आतून झाली. परंतु त्याच उपनिषदात पुढे आत्म्याला देहात प्रवेश करावयाचा आहे तेव्हा तो ह्या तयार विवरांपैकी एकाचाही उपयोग करीत नाही. मस्तकाची सीमा विदारून आत शिरतो, आणि त्या द्वाराला ‘विदृति’ असे नाव मिळते. म्हणजे सर्वांत महत्त्वाचे द्वार हे नैसर्गिक नसून फाडून केलेले आहे. दुसरे स्थळ कठोपनिषदातील. स्वयंभूने इंद्रियांची विवरे बाहेरच्या बाजूस पाडली म्हणून मनुष्य बाहेर पाहतो, आत पाहत नाही, असे तेथे सांगितले आहे. ‘पाडली’ ह्या अर्थाच्या क्रियापदाचे विवरण शंकराचार्य ‘हिंसा केली’ असे करतात. आचार्यांचा रोख बहिर्मुखतेच्या निंदेकडे आहे हे उघड आहे. तरी डोळा आणि कान हीदेखील एक प्रकारची इजाच होय, ही कल्पना शल्यशास्त्राच्या वाचकाला थांबवील अशी आहे. नैसर्गिक आणि कृत्रिम असा जो भेद आज आपण सहज गृहीत धरतो, तो ह्या ग्रंथांना तितका मूलभूत वाटत नव्हता.

अध्यात्मग्रंथांना द्वारे मोजावयाची होती ती ती मिटण्यासाठी. सुश्रुताला ती दुरुस्त करावयाची होती. म्हणून त्याची मोजणी अधिक काळजीची आहे. शारीरस्थानाच्या पाचव्या अध्यायात तो द्वार शब्द न वापरता ‘बहिर्मुख स्रोत’ म्हणतो, म्हणजे ज्यांचे तोंड बाहेर उघडते असे प्रवाहमार्ग. पुरुषांचे असे स्रोत नऊ. स्त्रियांचे हेच नऊ आणि आणखी तीन : स्तनांचे दोन आणि रजोवह एक. नऊ द्वारांचे जे नगर आपण इतकी शतके सार्वत्रिक मानीत आलो, ते पुरुषाचे नगर होते, हे ह्या एका वाक्यामुळे ध्यानात येते. द्वारे कोणाची मोजावयाची, हा प्रश्न तत्त्वज्ञांपैकी कोणाला पडल्याचे दिसत नाही. शस्त्रवैद्याला तो पडणे भाग होते.

सुश्रुताची शब्दयोजना शस्त्रकर्माच्या वर्णनात अधिक बोलकी होते. कर्णवेधाच्या अध्यायात तो वैद्याला सांगतो की बाळाची पाळी डाव्या हाताने ओढून धरावी आणि जेथून सूर्यकिरण पलीकडे दिसतो त्या ‘दैवकृत छिद्रा’वर सुई चालवावी. शस्त्राने छिद्र पडण्यापूर्वीच ते दैवाने तेथे करून ठेवले आहे. वैद्य ते केवळ उघडतो. पण येथेच तो थांबत नाही. छिद्र पाडताच त्यात कापसाची वात घालावी, आणि दर तीन दिवसांनी ती अधिक जाड करीत जावी, असा त्याचा आदेश आहे. कारण केवळ टोचलेले भोक शरीर बुजवून टाकते. कडेवर नवी त्वचा येईपर्यंत ते राखावे लागते. कान टोचलेल्या मुलीच्या आईला हे सुश्रुत न वाचताही ठाऊक असते. म्हणून तर मराठीत टोचलेल्या भोकाला ‘वेज’ असा स्वतंत्र शब्द आहे आणि वेज बुजला, वेज राहिला असे आपण म्हणतो.

जलोदराच्या चिकित्सेत हेच तत्त्व उलट बाजूने दिसते. नाभीखाली, मध्यरेषेपासून डावीकडे चार अंगुळे, व्रीहिमुख नावाच्या शस्त्राने वेध करावा, त्यात धातूची ‘द्विद्वारा’ नळी अथवा पक्ष्याच्या पिसाची नळी बसवावी, पाणी थोडे थोडे काढावे, आणि मग नळी काढून व्रण बांधून टाकावा. येथे द्वार शब्द शरीराला लागलेला नाही, नळीला लागला आहे. शरीराच्या ठिकाणी जे झाले तो वेध, आणि तो बुजायचाच आहे. शब्दाच्या वापरात एवढा नेमकेपणा अन्यत्र विरळा.

आणि ‘छिद्र’? आतडे फुटून आतील मळ पोटात पाझरतो त्या व्याधीला चरक ‘छिद्रोदर’ म्हणतो. सुश्रुत तिलाच ‘परिस्रावी’ म्हणतो आणि फुटलेल्या जागेच्या कडा काळ्या मुंग्यांच्या दंशाने जुळवावयास सांगतो. छिद्र म्हणजे येथे रोग. आजही डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावून ‘आतड्याला छिद्र पडले आहे’ असे सांगतात तेव्हा ऐकणाऱ्याचे पाय लटपटतात, आणि ते वाजवी आहे. मग ज्या शस्त्रकर्माने तो रोगी वाचावयाचा त्यालाही छिद्रच म्हटले तर रोग आणि उपाय यांचे नाव एकच होते. ही केवळ शैलीची उणीव नव्हे.

आतापर्यंतच्या विवेचनातून तीन पायऱ्या वेगळ्या काढता येतील. ज्याची कड उघड्या जखमेची आहे आणि जे स्वभावतः बुजू पाहते ते छिद्र. ज्याच्या कडेला आतील अस्तर आणि बाहेरील त्वचा एकमेकांस मिळाली आहेत, म्हणून जे उघडे राहते, ते मुख. आपल्या ओठांवर नेमके हेच घडलेले आहे. आणि ज्या मुखाला राखणदार आहे, जे प्रसंग पाहून उघडते व मिटते, ते द्वार. ही विभागणी कोणत्याही एका ग्रंथाने अशी मांडलेली नाही. पण वापराच्या पोटात ती आहे, आणि तिच्यावर आधुनिक शास्त्रातील उदाहरणे घासून पाहणे उपयुक्त ठरते.

प्रथम वनस्पती घेऊ. महाभारताच्या शांतिपर्वात भरद्वाज शंका घेतो की वृक्ष तर भरीव. त्यांच्यात आकाशतत्त्व कोठून असणार? भृगू उत्तर देतो की फुले-फळे बाहेर येतात त्यावरून आत अवकाश आहे हे समजावे. आणि मनुष्य कमळाच्या देठाने पाणी ओढतो तसे वृक्ष मुळांनी पाणी पितात. विवर डोळ्यांना दिसत नव्हते. ते अनुमानाने सिद्ध केले गेले. पानावरील विवर प्रत्यक्ष दिसावयास १७ वे शतक आणि सूक्ष्मदर्शक यावे लागले. मालपीगी व ग्रू यांच्या निरीक्षणांत ते दिसते. पण दिसल्यावरही त्याचे स्वरूप समजावयास बराच काळ गेला. १८५६ मध्ये हुगो फोन मोल याने दाखविले की विवराच्या दोन बाजूंच्या पेशी पाण्याने फुगल्या की फट उघडते आणि शिथिल झाल्या की मिटते. आज आपण त्यामागील क्रियाही जाणतो. प्रकाश पडला की ह्या पेशींत पोटॅशियमचे आयन शिरतात, त्यांच्यामागे पाणी येते. पेशींच्या भिंतींत सेल्युलोजचे तंतू आडव्या पट्ट्यांसारखे बांधलेले असल्यामुळे पेशी जाडीने फुगू शकत नाही, लांबीने वाढते व धनुष्यासारखी वाकते, आणि दोहोंमध्ये फट पडते. जमिनीत पाणी कमी झाले की ॲब्सिसिक आम्ल तयार होते आणि दार लागते.

ह्याला ‘रंध्र’ म्हणणे कितपत योग्य? गंमत अशी की पाठ्यपुस्तक एका ओळीत त्याला पर्णरंध्र म्हणते आणि पुढच्याच ओळीत त्या दोन पेशींना ‘रक्षक पेशी’ म्हणते. रंध्राला रक्षक नसतो; तो द्वाराला असतो. अर्थात नाव देणाऱ्याला वस्तूचे खरे स्वरूप जाणवले होते. पण पहिला शब्द पूर्वीच पक्का होऊन बसला होता. हे द्वार किती शहाणे असते ते पाहावयाचे असेल तर आपल्या कोरडवाहू बांधावरचे घायपात पाहावे. दिवसाच्या उन्हात त्याची सारी द्वारे मिटलेली. रात्री ती उघडतात, कर्बवायू आत घेतात आणि तो आम्लरूपाने साठवून दुसऱ्या दिवशीच्या प्रकाशात वापरतात. निवडुंग, अननस, पानफुटी यांचीही तीच रीत. कण्हेर दुसरी युक्ती करते : पानाच्या पाठीवर खळगे, खळग्यांत केस, आणि त्या केसांच्या आडोशाला द्वारे. पाण्यावर तरंगणाऱ्या कुमुदिनीच्या पानाला ती फक्त वरच्या अंगास असतात, कारण खालच्या अंगास उघडून उपयोग नाही.

खोडाच्या सालीवरील विवरांची गोष्ट निराळी. त्यांना आपण ‘वल्करंध्र’ म्हणतो. तेथे रक्षक पेशी नाहीत. सैल रचनेच्या पेशींच्या फटींतून हवा आत-बाहेर करते. कोकणच्या खाड्यांत तिवराची जी श्वसनमुळे चिखलातून वर डोकावतात त्यांच्यावर हीच विवरे असतात आणि भरती-ओहोटीच्या वेळापत्रकावर झाडाचा श्वास चालतो. वरील कसोटीने हे मुख, द्वार नव्हे. दोन्हींना ‘रंध्र’ म्हटल्यामुळे विद्यार्थ्याच्या मनात ती एकाच जातीची होतात आणि परीक्षेत त्याने रक्षक पेशी सालीवर काढल्या तर त्याचा सर्वस्वी दोष म्हणता येत नाही.

वनस्पतींवर मनुष्याने केलेले शस्त्रकर्म पाहावयाचे तर कोकण-गोव्यातील माडाकडे वळावे. न उमललेली पोय बांधून, हलके ठोकून तिचे टोक कापतात आणि रस मडक्यात धरतात. पण ते टोक रोज पुन्हा तासावे लागते. एक-दोन दिवस कोयता लागला नाही की कापलेली जागा सुकून रस थांबतो. हे शुद्ध छिद्र. झाडाला ते मान्य नाही; तो ते मिटवीत असतो आणि रेंदेर ते उघडीत असतो. ह्याच माडाच्या फळाला तीन ‘डोळे’ असतात, त्यांपैकी मऊ डोळ्यातून कोंब बाहेर येतो. त्याला कोणी रंध्र म्हणत नाही, ही लोकभाषेची कृपाच म्हणावयाची.

आता शल्यकर्माकडे. १७१० मध्ये पॅरिसच्या लित्र याने गुदमार्ग बंद असलेल्या एका मृत अर्भकाचे विच्छेदन करून सुचविले की आतडे पोटाच्या भिंतीशी आणून तेथे उघडावे. १७९३ मध्ये ब्रेस्ट येथे द्युरे याने अशाच नवजात अर्भकावर हे कर्म केले आणि तो रोगी प्रौढ वयापर्यंत जगला. त्या काळी ह्या विवराचे नाव ‘कृत्रिम गुद’ असे होते. फ्रेंचांत तर ‘निसर्गविरुद्ध गुद’ असाही शब्दप्रयोग होता. नावातच धिक्कार होता. पुढे ग्रीक ‘स्टोमा’ आला आणि धिक्कार गेला, निदान झाकला गेला. वस्तुतः हे नाव पहिल्यापासून शोभत होते असे मात्र नाही. लहान आतडे पोटावर आणीत तेव्हा त्याची बाहेरची बाजू उघडी पडे, पाझरणाऱ्या रसाने ती पोळे, सुजे, आणि विवर आकसत जाई. म्हणजे शल्यचिकित्सक त्याला तोंड म्हणत होते, पण शरीर त्याला जखमच समजत होते. १९५२ मध्ये इंग्लंडच्या ब्रायन ब्रूक यांनी आतड्याचे टोक बाहीसारखे उलटे दुमडून आतील अस्तर थेट त्वचेला शिवण्याची रीत प्रसिद्ध केली. अस्तर आणि त्वचा मिळाली. त्या दिवसापासून छिद्राचे मुख झाले. त्याला ओठ आले.

द्वार मात्र ते झाले नाही. त्याला आवळणारा स्नायू नाही, त्यामुळे मिटण्याची इच्छा चालत नाही. ही उणीव वस्तूने भरून काढावी लागली. १९५४ मध्ये डेन्मार्कमधील परिचारिका एलिसे सोरेन्सेन यांनी आपल्या बहिणीसाठी त्वचेला चिकटणाऱ्या पिशवीची कल्पना काढली. पिशवी ही रक्षक नव्हे. दारात ठेवलेले भांडे आहे. तरी तिच्यामुळे माणसे कामावर जाऊ लागली, बसमध्ये बसू लागली, लग्नकार्यास जाऊ लागली. मराठी रुग्ण ‘पिशवी’ म्हणतो ह्यात अज्ञान पाहणे चुकीचे आहे. ज्या गोष्टीने त्याचा दिवस ठरतो तिचे नाव तो घेतो. तरी त्या शब्दाची मर्यादाही सांगावयास हवी : पिशवी म्हटले की शरीरावर जे आहे ते अनाम राहते. ते लालसर व ओलसर असावे, काळसर दिसले तर तत्काळ डॉक्टरांकडे जावे, त्याला स्पर्शाची वेदना होत नाही, हे सारे सांगताना परिचारिकेला ‘ते’ आणि ‘तिथले’ ह्या सर्वनामांवर भागवावे लागते.

ह्या दृष्टीने पाहता ग्रीक शब्दाचीही फेरतपासणी करणे प्राप्त आहे. पानाच्या विवराला त्याने तोंड म्हटले. ते रूपसाम्यावर ठीक, कारण दोन पेशी ओठांसारख्या दिसतात. पण क्रिया द्वाराची आहे. उलट पोटावरील विवराला तो शब्द आज अस्तरासकट लागू पडतो. मराठीने मात्र पानाच्या द्वाराला रंध्र केले आणि पोटावरील मुखाला छिद्र. दोन्हीकडे एकेक पायरी खाली उतरली.

‘पर्णरंध्र’ आता बदलावा असे सुचविण्यात अर्थ नाही. तो तीन-चार पिढ्यांच्या तोंडी बसला आहे आणि त्याने कोणाचे नुकसान होत नाही. शल्यकर्माच्या शब्दाची गोष्ट तशी नाही, कारण तेथे शब्द ऐकणाऱ्याला संमतिपत्रकावर सही करावयाची असते. त्या ठिकाणी ‘आंत्रमुख’ हा शब्द ग्राह्य वाटतो. तो सुश्रुताच्या ‘बहिर्मुख स्रोता’शी नाते राखतो, आणि बोलताना त्याचे ‘आतड्याचे तोंड’ असे सरळ मराठी होते. ह्यावर आक्षेप येईल की तोंड म्हणजे खाण्याचे. मलोत्सर्गाच्या जागेला तो शब्द किळस आणील. आक्षेप पोकळ नाही. पण आपली भाषा काय करते ते पाहावे. गळवाला तोंड पडते, जखमेला तोंड असते, पोत्याला, विहिरीला, भट्टीला तोंड असते, वादाला तोंड फुटते. मराठीचे तोंड घेण्याइतकेच देण्याचेही आहे. गळवाचे तोंड तर केवळ बाहेर टाकण्यासाठीच असते आणि ते पडले की घरातील वडीलधारी माणसे ‘आता उतार पडेल’ म्हणतात. ‘पोटाला छिद्र पाडावे लागेल’ आणि ‘आतड्याचे तोंड पोटावर आणावे लागेल’ ही दोन वाक्ये एकाच शस्त्रकर्माची आहेत. पहिल्यात काय फुटणार ते कळते. दुसऱ्यात काय कोठे जाणार ते कळते, आणि तात्पुरते असल्यास ते पुन्हा आत नेता येईल हेही न सांगता सूचित होते. श्वासनलिकेवर गळ्याशी केलेल्या विवराला ‘श्वासमुख’ म्हणता येईल काय, याचा विचार त्याच कसोटीवर करावा लागेल. तेथील कड अनेकदा काही दिवसांपुरतीच राखलेली असते आणि नळी काढताच ती आपोआप बुजते, म्हणून तेथे सुश्रुताचा ‘वेध’ अधिक जवळचा असण्याचा संभव आहे.